कड्याखालचा काला

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव कड्याच्या कुशीत आहे आणि नाथबाबांचं ठाणं कड्याच्या पोटातल्या कपारीत. एकाहत्तरच्या चैत्रात सप्ताहाची सांगता होती. सकाळी कपारीपुढच्या मांडवात काल्याच्या कीर्तनाला बेलापूरचे गहिनीनाथबुवा उभे राहिले. वीणा रंभाजीच्या गळ्यात, मी टाळकऱ्यांत. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती.

त्याला कारण माझी भावजय राहीबाई. ठाण्याचा ओटा रंगवायला ती त्याच पहाटे गेरू काढायला गेली. गेरू कपारीच्या मागच्या भिंतीतूनच निघतो, आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच नेतात. तिनं खुरपं घातलं आणि वरच्या दगडातून घुमल्यासारखा आवाज आला. नाथबाबांनी हुंकार दिला म्हणून गावभर झालं. नारळ फुटले. लोकांनी म्हाताऱ्या-लेकरं आणून कपारीच्या तोंडाशी बसवली. आमची आई भीमाबाई सगळ्यांत आत.

बुवा रंगात आले होते. अहंकारावर बोलता बोलता त्यांनी वर हात केला. म्हणाले, हा कडा असा ताठ उभा का, सांगा. वर काळा कातळ, लई टणक. त्याच्या खाली गेरूचा तांबडा थर, मऊ. पाणी मुरतं, वारा कोरतो, मऊ ते झिजतं आणि कातळ अधांतरी राहतो. त्याला उभ्या भेगा असतात. आधार सुटला की भेगेवरून सरळ तुटतो, मागं राहते ती ही भिंत. रत्नागिरीकडं पायथा समुद्राची लाट खाते, आपल्या निघोजला कुकडी नदी खाते. ज्याचा पाया गेला, त्याचा ताठा किती दिवस?

टाळ घुमले. अन् तेवढ्यात बायकांतून राहीवहिनी उठून उभी राहिली. भर कीर्तनात, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

"बुवा, पाया आमीच खाल्लाय."

सगळे वळले. पुंजाराम पाटील खेकसले, की बाई, खाली बस, नारदाची गादी हाय ती. वहिनी बसली नाही.

"मी नवी नवरी आले तवा गेरूच्या भोकात निस्ता हात जायचा. आज मी आख्खी आत बसून खनत हुते. त्यो हुंकार न्हवता, बुवा. दगूड करकरला."

बुवांनी तिच्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. नामाचा ठेका त्यांनी चढा धरला आणि रंभाजीला मांडवाबाहेर, लांबच्या पिंपळाकडं चालायची खूण केली. पाटील आडवे आले. काल्याआधी गादी सोडली तर सप्ताह मोडला, म्हणाले.

"पाटील, नाम चालतंय तिथं गादी. चला."

वीणा निघाली तशी माणसं निघाली. टाळ थांबू दिला नाही आम्ही. लेकरं काखेत, म्हाताऱ्या पाठीवर. आई मात्र हलेना. देवापुढं मरन आलं तर सोनंच की, म्हणाली. वहिनीनं तिच्या काखेत हात घातले.

"आत्याबाई, तुमी सोनं व्हाल, पर मला सासू कुठली?"

आईला हसू फुटलं, तेवढ्यात वहिनीनं तिला ओढलीच. दोघी पिंपळापाशी पोचल्या आणि कडा सुटला. घराएवढा कातळ उभाच्या उभा खाली बसला. जमीन पायांखाली हलली. मांडव, काल्याची हंडी, कपारीचं तोंड, सगळं धुळीत गेलं.

धूळ निवळली. वर नवा कडा दिसला, काळाभोर, धुतल्यासारखा. माणूस एकही कमी नव्हतं. वीणा रंभाजीच्या गळ्यात वाजत होती.

बुवांनी खोकून घसा मोकळा केला आणि तुटलेलं चरण तिथूनच उचललं. आम्ही असे नाचलो म्हणता! हंडी गेली म्हणून घरोघरच्या बायका धावल्या, कुणी दही, कुणी लाह्या, कुणी ताकाचा तांब्याच. पिंपळाखाली परातीत काला झाला. बुवांनी तो कालवायला वहिनीला बसवली. पहिला घास मागायला पाटलांनी हात पुढं केला.

"आधी आत्याबाई," वहिनी म्हणाली.

पाटील जाऊन उभे राहिले, आईच्या मागं.