दियाबची गाडी

"उस्ताद, गाडी चढ चढत नाही," फिद्दा म्हणाली.

अवदेच्या हातातला पाना हातातच राहिला. चार वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती, आणि तेही 'उस्ताद' म्हणून. रस्त्यावरचं गिऱ्हाईकही असंच बोलतं. ही त्याच्या धाकट्या भावाची बायको. एके काळी त्याला 'भाऊ' म्हणायची आणि जेवणात मटणाचा चांगला तुकडा शोधून त्याच्यापुढे सारायची.

माझं टायरचं दुकान अवदेच्या सायलेन्सरच्या दुकानासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. जॉर्डनमधल्या कराकच्या या कारखान्यांच्या वस्तीत मी तीस वर्षं काढली, त्यामुळे समोर काय चाललंय ते बघणं ही माझी सवय नाही, धंद्याचाच भाग आहे. मी हातातली ट्यूब बाजूला ठेवली आणि उघडउघड बघत राहिलो.

"या, उम्म रुबा," अवदे म्हणाला. उम्म म्हणजे आई; रुबा ही तिची थोरली मुलगी. "कुठल्या चढाला दम तोडते?"

"सगळ्याच. खालून खोऱ्यातून टोमॅटो भरून निघते. निम्म्या वाटेपर्यंत ठीक. मग पाय दाबला तरी पुढे जात नाही. परवा गाढव घेऊन जाणारा म्हातारा मला मागे टाकून गेला. वर हात हलवत गेला, मेला!"

"कुणाला दाखवली?"

"तिघांना. एकाने पंप बदलला, एकाने फिल्टर, तिसऱ्याने प्लग. चौथा तू. तू शेवटचा होतास."

शेवटचा का, हे गल्लीत कुणाला विचारायची गरज नव्हती.

धूर गाळणारा जो डबा गाडीच्या पोटाखाली असतो, त्याला आम्ही 'बीआ' म्हणतो. बीआ म्हणजे पर्यावरण. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर महागड्या धातूंचा मुलामा. सात-आठ वर्षांपूर्वी या जाळीचा भाव असा काही चढला की अख्ख्या वस्तीला वेड लागलं. लोक गाडी घेऊन यायचे, डबा कापून जाळी विकायचे आणि रिकामा डबा पुन्हा जोडून घ्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मीही माझी गाडी रिकामी करून घेतली. त्यातून फ्रीज आला, तो अजून घरात आहे. तेव्हा मी कुणाला नावं ठेवणार?

डबे कापायचा अवदे. जाळी फोडून, चाळून पोत्यात भरायचं काम त्याच्या धाकट्या भावाचं, फिद्दाच्या नवऱ्याचं, दियाबचं. ग्राइंडर, गॅस, जड ओझी अवदेने स्वतःकडे ठेवली आणि म्हणाला, "तू धाकटा आहेस, तू हलकं काम कर." मागच्या खोलीत दार-खिडकी लावून दियाब हातोडा चालवायचा. वाऱ्याने भुकटी उडाली तर तेवढं वजन कमी भरणार, म्हणून दार बंद. नाकावर डोक्याच्या रुमालाचं एक टोक. दोन वर्षं असं चाललं. नंतर नंतर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे चहाला यायचा, तर मध्ये दोनदा थांबायचा. आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो. एकेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि आधी धंदा काय तो विचारला.

दियाबच्या दुखवट्याला बसलेल्या शंभर माणसांसमोर फिद्दाने अवदेला एवढंच विचारलं होतं, "हलकं काम दिलंस ना?" त्यानंतर आजच.

अवदेने गाडी सुरू केली. बॉनेट उघडून नुसता ऐकत उभा राहिला. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला.

"श्वास नाही," तो पुटपुटला.

मला म्हणाला, "अबू तौफीक, बस आत. पाय दाबून ठेव, सोडू नकोस."

मी दाबला. इंजिन आधी चढलं, मग कुणी गळा आवळावा तसं आपोआप खाली आलं. पाय तिथेच असताना. गाडीखालून सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. अवदे जमिनीवर आडवा झाला आणि त्याने मला खूण केली. उतरून वाकून बघितलं तर दिवसाउजेडी डबा तांबडा दिसत होता.

"आता शेवटचं बघू," म्हणून त्याने इंजिन बंद करून घेतलं, थोडं निवू दिलं आणि डब्याच्या अलीकडचा सेन्सर खोलून काढला. "लाव पुन्हा."

त्या बोटभर भोकातून धूर असा काही भडभडा सुटला की शेजारचे लोक बाहेर आले. पण इंजिन? एकदम मोकळं. दाबाल तेवढं चढत होतं.

"पंप चांगला होता, फिल्टरही चांगला होता," अवदे उठत म्हणाला. त्याला उठताना खोकला आला आणि तो जरा थांबला. "आत घेतलेला श्वास बाहेर टाकता येत नाही तिला. डबा बुजलाय."

"मग एवढे दिवस हे कुणाला कसं कळलं नाही?" फिद्दाने विचारलं.

"सगळ्यांचे डबे रिकामे. भरलेला डबा बुजतो हे लोक विसरले."

पण तेवढ्यावर तो थांबला नाही. डबा उगाच बुजत नाही, त्याला कुणीतरी बुजवतं, असं म्हणत त्याने बाटलीने प्लगच्या वायरींवर पाणी शिंपडलं. तिसऱ्या वायरीवर चटचट ठिणगी उडाली आणि इंजिन अडखळलं. वायरीला केसाएवढी चीर होती. प्लग नवे घातले, पण वायर जुनीच. तिथे न जळलेलं पेट्रोल जाऊन डब्यात जळत होतं, आणि त्या आगीत जाळी वितळली होती.

"वायर बदलतो. पण डबाही बदलावा लागेल."

"रिकामा करून दे," फिद्दा म्हणाली.

अवदे पाना पुसू लागला.

"ऐकलंस ना? शेकड्यांनी केलेस, आणखी एक कर. अर्ध्या तासाचं काम आहे, मला ठाऊक आहे. उद्या शुक्रवार, परवा पहाटे मला खाली खोऱ्यात जायचंय. माल झाडावर माझी वाट बघत बसत नाही."

"रिकामा नाही करत मी."

"कधीपासून?"

"तुला माहीत आहे कधीपासून."

"हे 'नाही' तेव्हा म्हणायचं होतंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हा तुला 'नाही' सुचलं नाही. माझ्यापुढे सुचतंय."

मी मान खाली घालून तिच्या गाडीच्या टायरमधल्या खिळ्याकडे बघू लागलो. असल्या वेळी हाताशी टायर असलेला बरा.

"त्याने स्वतःच्या गाडीचा डबा कधी फोडू दिला नाही," अवदे म्हणाला. "मीच मागे लागलो होतो. म्हणाला, 'माझ्या पोरी मागे बसतात, त्यांच्या नाकात धूर नको.' त्याच्या गाडीला मी पोकळ डबा लावणार नाही. दुसरं कुणी लावून देईल, चाव्या घे आणि जा."

फिद्दाने चाव्या घेतल्या नाहीत. ओढणी सारखी करून ती बाकावर बसली.

नट गंजून एकजीव झाले होते. अवदेने त्यांवर तेल सोडलं, गॅसने तापवले, पुन्हा तेल सोडलं. त्याची घाई करायची पद्धत नाही. दोन सुटले, तिसरा मोडला, चौथ्यासाठी ग्राइंडर लावावा लागला. डबा खाली आला आणि त्याने तो फडक्यावर तिरका केला. आतून काळे वितळलेले गोळे पडले आणि त्यांच्यामागून पिठासारखी राखाडी भुकटी. अवदेने श्वास रोखला आणि चटकन तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

फिद्दा उठून जवळ आली.

"हीच का ती?"

"हीच."

"एवढीशी?"

ती ओल्या राखेकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही रडणार. पण तिने जुना डबा उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि गाडीच्या मागे ठेवला. "हा भंगारात जायचा नाही," म्हणाली.

आता नवा आणायचा कुठून? अम्मानहून मागवायचा तर आठवडा. बाजारात जे स्वस्तातले मिळतात ते बाहेरून चकचकीत आणि आतून निम्मे. मी हे बोलून दाखवेपर्यंत अवदे आपल्या स्वतःच्या गाडीखाली शिरला होता. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच जातीच्या दोन जुन्या गाड्या घेतल्या होत्या. नट न् नट सारखा. दियाब गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात अवदेने आपल्या गाडीला कोरा अस्सल डबा आणून बसवला होता. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"वेडा झालास का?" मी ओरडलो. "पुढच्या महिन्यात तुझं पासिंग आहे!"

"मग नाही होणार पासिंग."

"आणि गाडी?"

"उभी राहील. मी कुठे जातो एवढा?"

तेही खरंच होतं. घर ते दुकान, दुकान ते घर.

फिद्दा सगळं ऐकत होती. नको म्हणाली नाही, दे म्हणाली नाही.

दुपारच्या नमाजाच्या सुमारास काम संपलं. अवदेच्या गाडीचा डबा, नवं पॅकिंग, नवे नट, नवी वायर. फिद्दा गाडी घेऊन किल्ल्याच्या चढावर गेली. अवदे दुकानाच्या दारात हात पुसत उभा. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता. गाडीचा आवाज वळणावरून वर गेला, न अडखळता, न कण्हता, आणि मग परत खाली आला.

"तिसऱ्या गिअरमध्ये चढली," उतरून फिद्दा म्हणाली. मग म्हणाली, "घेतली होती तेव्हाही अशी चढत नव्हती."

काम करणाऱ्याला कॉफी न पाजता निघणं आमच्यात बसत नाही. तिने गाडीतून थर्मास काढला, फडक्यात बांधलेला फिंजान काढला आणि वेलदोड्याची कडू कॉफी ओतून अवदेपुढे धरली. दोन घोटांचा तो फिंजान अवदेने उजव्या हाताने घेतला. तोंडाला लावला नाही. समोरच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून खाली बघत बसला.

मुलीला मागणी घालायची असो की खुनाची माफी मागायची असो, आमच्यात मागणारा असाच फिंजान समोर ठेवतो. यजमान 'पी, दिलं तुला' म्हणेपर्यंत त्याला हात लावत नाही. काय मागायचंय ते इथे तोंडाने सांगायची गरजच नव्हती.

फिद्दाने फिंजानाकडे बघितलं. थर्मासचं झाकण लावायला तिला फार वेळ लागला.

"मागायचं असेल तर माणूस घरी येतो," ती म्हणाली. "स्वतःच्या दुकानात बसून कुणी मागत नाही."

आणि गाडीत बसून निघून गेली. फिंजान तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवदे माझ्या घरी आला. धुतलेला झब्बा, नवा रुमाल, हातात तो फिंजान. कालची कॉफी तशीच, वर साय धरल्यासारखा पापुद्रा.

"मला वर फिद्दाच्या गावी सोडशील?"

"ही कॉफी घेऊन?"

"ओतली तर मागणं मागे घेतल्यासारखं होईल. प्यायची परवानगी नाही."

"अरे, पण फिंजान रिकामा नेऊन तिथे नवी..."

"तिने दिलेली ही आहे," तो म्हणाला.

असल्या माणसाशी काय वाद घालायचा? आयुष्यात इतकी हळू गाडी मी कधी चालवली नाही. एकेक खड्डा चुकवत, एकेक वळण दमाने घेत. मागचे लोक हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. अवदे दोन्ही हातांत फिंजान धरून रस्त्याकडे न बघता फक्त त्या काळ्या पाण्याकडे बघत होता. गावाच्या पायथ्याशी तो म्हणाला, "इथेच थांबव."

"घरापर्यंत नेतो की."

"तुझ्या गाडीचा डबा रिकामा आहे. तिच्या दारात तो धूर नको."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी इंजिन बंद केलं.

तो चढू लागला. चढ फार नाही, पण त्याच्या छातीला फार होता. दहा-वीस पावलं चालायचा आणि थांबायचा. थांबला की खांदे वरखाली व्हायचे, खोकल्याने अंग हलायचं, पण हात हलू द्यायचा नाही. दियाबच्या वाट्याची थोडी भुकटी यालाही आली होती हे मला तेव्हा नीट कळलं. भिंतीला टेकायला त्याचा हातच मोकळा नव्हता. मी खाली उभा राहून त्याच्या प्रत्येक पावलाला स्वतःचा श्वास रोखत होतो, आणि मला लाज वाटत होती, की त्या काळात आमच्यापैकी एकानेही ते मागच्या खोलीचं दार उघडलं नव्हतं.

फिद्दा दारात आली. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. त्याला मदत करायला ती खाली उतरली नाही आणि आतही गेली नाही. तो पोचेपर्यंत उभी राहिली.

एवढ्या लांबून मला ऐकू काही आलं नाही. अवदे काही बोलला असेल असं वाटत नाही, त्याच्यात तेवढा दम उरला नव्हता. तिने त्याच्या हातातून फिंजान घेतला, आत डोकावून बघितलं आणि ती गार कॉफी भिंतीच्या कडेला मातीत ओतून दिली. तो रिकाम्या हातांनी उभा.

मग फिंजान पुन्हा भरायचा असल्यासारखा ओढणीने पुसत ती दारातून बाजूला झाली, आणि अवदेने वाकून चपला काढल्या.