नुसतं द्रावक

सरांचं नाक कापायचं, तेही भरल्या सभागृहात, हे धाकटीनं ताई गेली त्याच दिवशी ठरवलं. धाकटी सरांच्याच प्रयोगशाळेत कामाला. एका पानाचा अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला की गाठ वाढवणारं जनुक गप्प बसतं, असा डंका सरांनी पिटला होता. ताईलाही तोच कर्करोग. तिनं ते पेपरात वाचलं, उपचार सोडले आणि पानांचा रस पीत बसली. धाकटीनं परोपरीनं समजावलं, तर म्हणे, "अगं, तुझेच साहेब सांगतायत ना?"

मग धाकटीनं तोच प्रयोग गुपचूप पुन्हा केला. अर्क पाण्यात विरघळत नाही, त्याला द्रावक लागतं. म्हणून तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींवरही नुसतं द्रावक टाकायचं असतं. सरांनी घाईघाईत त्या तशाच ठेवल्या होत्या. तिनं द्रावक टाकलं, आणि जनुक तिथंही तितकंच गप्प बसलं! पानाची करामत शून्य. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. परिषदेत सर भाषणाला उभे राहू देत, मग दाखवते, म्हणून तिनं ओठ शिवून घेतले.

परिषद तोंडावर आली असताना सरांच्या पत्नी प्रयोगशाळेत आल्या. डोक्याला रुमाल, हातात हिरव्या रसाची बाटली.

"मलाही तेच निघालं गं. पण आता इंजेक्शनं बंद! घरातच औषध असताना हाल कशाला?"

शेजारी सर कौतुकानं हसत होते. मेल्याचा स्वतःच्या शोधावर खरोखरच विश्वास होता.

धाकटीनं पुन्हा कामात डोकं घातलं. आपलं माणूस डोळ्यांदेखत झिजणं म्हणजे काय, कळू दे त्यालाही. तिला ते मनापासून हवं होतं. बाईंनी झाकण काढलं, घोट घेण्याआधीच तोंड वाकडं केलं. अगदी ताईसारखं.

"पिऊ नका," धाकटी म्हणाली. स्वतःवरच चडफडत तिनं सगळं सांगितलं.

सर पांढरेफटक पडले. एवढ्याचसाठी तर ती जगत होती. पण बाई नवऱ्याकडे बघतच नव्हत्या.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे उन्हाळ्यापासून माझ्यासारख्या किती जणी हे पीत असतील गं?"

सरांसाठी साठवून ठेवलेला एकही शब्द धाकटीच्या कामी आला नाही.