वरुणेच्या पलीकडे

त्या वर्षी काशीत फोटोवाल्या मतदार ओळखपत्रांची नुसती धामधूम होती. कॅमेरेवाले गल्लोगल्ली येत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्चीत बसवत आणि मोकळे होत. दूधविनायक मोहल्ल्यातही येऊन गेले. पण कालिंदीबाईंचं नशीब असं, की नेमक्या त्याच दिवशी त्या आपल्या वडिलांचं, बिंदुमाधवशास्त्र्यांचं म्हणजे अण्णांचं, बिऱ्हाड हलवत होत्या. गल्लीतली भाड्याची जागा सोडून अण्णांना संकठा घाटाजवळ एका संस्थेच्या खोलीत ठेवायचं होतं. त्या गडबडीत अण्णांचा फोटो राहिला तो राहिलाच.

संस्थेचे रत्नाकरपंत माणूस भला, पण नियमाला पक्का. "नव्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र, निदान त्याची पावती, महिनाअखेर पाहिजे," म्हणाले. "नाहीतर खोली दुसऱ्याला द्यावी लागेल, ताई." आणि कालिंदीबाईंची गाडी रविवारची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, शाळेतली नोकरीही संपलेली. आता त्या नागपूरला मुलाकडे, देवदत्तकडे, कायमच्या चालल्या होत्या. अण्णांची सोय लागली नाही, तर कुठल्या तोंडाने गाडीत बसायचं?

तुम्ही म्हणाल, मग अण्णांनाही बरोबर न्यावं की! अहो, पण अण्णांनी बायको गेल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. दक्षिणेला असी, उत्तरेला वरुणा, पुढ्यात गंगा. झालं, एवढंच जग. अठरा वर्षांत ते सख्ख्या नातवाच्या लग्नालाही गेले नाहीत. गेलं वर्षभर कालिंदीबाई उठता बसता म्हणत होत्या, "अण्णा, चला ना हो माझ्याबरोबर. तुम्हाला टाकून माझा पाय निघत नाही." अगदी मनापासून म्हणायच्या, डोळ्यांत पाणी आणून. देवदत्तही दर पत्रात लिहायचा, आजोबांनाही आणा. अण्णा मान हलवायचे. व्रतापुढे कोणाचं काय चालणार?

गुरुवारी त्या एकट्याच कचहरीत, म्हणजे कलेक्टर कचेरीत गेल्या. पत्ता बदललेल्यांचे फोटो आता तिथेच निघत होते, आणि उद्या शुक्रवारी शेवटचा दिवस होता. पण कचहरी वरुणेच्या पलीकडे! त्यांनी बाबूला हात जोडले, व्रत समजावून सांगितलं. बाबू बनारसीच, त्याने टिंगल नाही केली. "माताजी, हम सब समझते हैं," तो म्हणाला, "मगर फोटो तो उन्हीं का खिंचेगा न, आपका थोड़े ही."

परत आल्या तेव्हा अण्णा आपलं धोतर दोरीवर वाळत घालत होते. नव्या खोलीत येऊन महिना झाला, तरी त्यांच्याकडे कोणी फिरकलेलं नव्हतं. जुने सोबती एकेक करून मणिकर्णिकेला पोचले होते. कालिंदीबाईंनी सगळं सांगितलं आणि जमिनीवरच फतकल मारून बसल्या. "रद्द करते तिकीट," म्हणाल्या.

"उद्या किती वाजता निघायचं?" अण्णांनी विचारलं.

"कुठे?"

"फोटोला."

"अण्णा, भलतंच काय! तुमचं व्रत..."

"तुला जायचंय ना? मग झालं तर." आणि त्यांनी धोतराची दुसरी बाजू झटकली.

शुक्रवारी सकाळी सायकलरिक्षा केली. वरुणेचा पूल आला तशी अण्णांनी रिक्षा थांबवायला लावली. खाली उतरले, शहराकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मागे ट्रकवाले भोंगे वाजवून जीव खात होते. मग ते पुन्हा येऊन बसले. "चलो भैया." पूल संपायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कालिंदीबाईंना रडू फुटलं. माझ्यापायी, एवढं एका माझ्यापायी, असं त्यांच्या मनात येत होतं.

कचहरीत तीन तास रांग. "बाबा, हिलिएगा मत," फोटोवाला म्हणाला. अण्णा हललेच नाहीत, फोटो झाल्यावरही नाहीत. शेवटी बाबूनेच त्यांना धरून उठवलं. कार्ड पंधरा दिवसांनी मिळणार होतं, पण शिक्क्याची पावती हातात पडली. खोली पक्की झाली, रविवारची गाडीही पक्की झाली. कालिंदीबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला.

परतताना रिक्षा पुलावर चढली, तशी अण्णांना एकदम तरतरी आली. ते सरसावून बसले. "कालिंदी, एक बोलू का गं?"

"बोला ना अण्णा."

"व्रत तर आता मोडलंच. मग इथे तरी मला काय बांधून ठेवलंय? येऊ का तुझ्याबरोबर नागपूरला?"

वर्षभर जे शब्द जिभेवर नाचत होते, ते आज कुठे गेले कोणास ठाऊक. कालिंदीबाईंच्या डोळ्यांपुढे देवदत्तच्या दोन खोल्या आल्या. त्यातल्या एकीत बाळाच्या पाळण्याशेजारी त्यांची स्वतःची खाट पडायची होती, तीही सूनबाई वैदेहीने कपाट हलवून कशीबशी बसवलेली. अण्णांचं सोवळं, अण्णांची पहाटेची संध्या, रात्रीचा खोकला. 'हो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"नागपूरला ऊन फार असतं, अण्णा," त्या म्हणाल्या.

रिक्षावाला पेडल मारत राहिला. पूल मागे पडला.

"हो, ते आहेच," अण्णा म्हणाले. त्यांनी मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. तेवढा असता, तरी कालिंदीबाईंना बरं वाटलं असतं.

"मला आपलं वर्षभर वाटत होतं," ते म्हणाले, "मीच अडून बसलोय."