सिसिन्निओची निळी नळी

ओरिस्तानोजवळच्या आमच्या गावात रक्त तपासायला कालियारी शहरातून डॉक्टर पेद्देसबाई आल्या, तेव्हा माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे, म्हणजे गावच्या सुइणीकडे, आलं. बाकला, म्हणजे वालासारख्या जाड दाण्यांच्या शेंगा, खाल्ला की आमच्यातले काही जण पिवळे पडतात, लघवी काळी होते, एखादा दगावतोही. त्यांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं, असं बाई सांगायच्या. नळीतल्या रक्तात त्या निळा रंग घालत. चांगल्या रक्तात निळेपणा तासाभरात उडतो, एन्झाइम कमी असेल तर तसाच राहतो.

माझी शेजारीण बोनारिया नवऱ्याला, सिसिन्निओला, दंडाला धरून घेऊन आली. त्याची नळी निळीच राहिली.

"काका, बाकला तोंडात घालायचा नाही," बाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं माझ्या हातचा बाकला ताटभर खातोय हा," बोनारिया म्हणाली. "तुमचा रंगच शिळा असेल."

बाई गोंधळल्या. बाकला पचवणारा असा माणूस निघाला तर सगळा अभ्यासच उलटा. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. निळंच. तिसऱ्यांदा सुई उचलली तसा सिसिन्निओ म्हणाला, "पुरे. मी खात नाही. खिशात घालतो आणि या सुइणीच्या कोंबड्यांना टाकतो."

त्याला बघून माझ्या कोंबड्या कुंपणाकडे का धावतात ते मला तेव्हा कळलं.

लहानपणी तो बाकल्यानं मरता मरता वाचला होता. बोनारियाच्या बापाला रोगट जावई नको होता, आणि मागणी घालायला गेला तर पहिलंच ताट बाकल्याचं आलं. तेव्हापासून हे चालू.

बोनारियानं त्याचा खिसा उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "आणि दर वर्षी मीठ कमी म्हणायचास."

"काहीतरी बोलायला नको का?"

बाईंनी हसू दाबून विचारलं, "मुली किती?" एकच, फ्लोरिसा, दिवस भरत आलेली. बापाचा हा दोष प्रत्येक मुलीत उतरतो, बाई म्हणाल्या. तिला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो.

बोनारिया तशीच उठली, चालत लेकीच्या गावी गेली आणि परसातला फुलावर आलेला बाकला मुळासकट उपटला.

"मामी, विचारायचं तरी," जावई म्हणाला.

"विचारूनच एकतीस वर्षं फसले."

मुलगा झाला. बाळंतपण मीच केलं. त्याचंही रक्त निळंच राहिलं. सिसिन्निओ घरोघर सांगत सुटला, "माझ्यावर गेलाय." त्या आठवड्यात आणखी सात बाप्ये मान खाली घालून आपणहून सुई टोचून घ्यायला आले.