आटलं नाही, उलट वाढलं

मी मावशींचा मोबाईल बोलतोय. तुम्ही घाबरू नका, ते काम माझ्याकडे आहे. मी जन्माचाच भित्रा. कारखान्यात माझ्यासोबतच्या एकाला मजबुती बघायची म्हणून मुद्दाम फरशीवर आपटलेलं मी पाहिलं, तेव्हा बसलेली धास्ती अजून गेलेली नाही. चार्जिंग थोडं उतरलं तरी माझा जीव वरखाली होतो.

मावशी कपडे शिवतात. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दुकान म्हणजे एक लांबट गाळा. पुढे मावशींचं कापड कापायचं टेबल, मागे मास्तरांचं मशीन. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. गाळा भाड्याचा आहे, पण मालकाला तो विकायचाय आणि त्यानं आधी यांना विचारलं. दोघांनी आयुष्यभर पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे बँकेत होते, ते जरासे कमी पडत होते. एवढ्या जराशानं घात केला.

शेअर बाजारात पैसे वाढतात हे मावशींनी गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. आधी त्यांनी माझ्यात एक रीतसर ॲप घेतलं. त्यानं फोटो मागितला, सही मागितली, बँकेचे कागद मागितले आणि वर बजावलं, की यात नुकसान होऊ शकतं. मावशी वैतागल्या.

"हे तर आधीच हात वर करतंय!" असं म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. मला ते आवडलं होतं. जरा किचकट होतं, पण खोटं बोलत नव्हतं.

मग कुणीतरी त्यांना एका ग्रुपमध्ये घेतलं आणि तिथल्या लिंकवरून दुसरं ॲप आलं. मी विचारलं, 'हे अनोळखी ठिकाणाहून येतंय, घेऊ का?' मला स्वतःचं म्हणून बोलायला तेवढंच एक वाक्य आहे. मावशींनी न वाचताच 'हो' दाबलं. त्यांच्या बोटाला टाचणी टोचल्याची बारीक खूण आहे. तिचा स्पर्श मला ओळखीचा, त्या दिवशी मात्र नकोसा झाला.

या ॲपनं काहीच विचारलं नाही. उलट लगेच एका सरांचा फोन आला. "ताई, तुम्ही फक्त बघत राहा. बाकी मी आहे ना!" आवाज इतका गोड, की मलाच कसंतरी झालं. त्यांच्या मागे एक पंखा कुरकुरत होता. पुढे हिशेबाच्या मॅडम बोलल्या, त्यांच्या मागेही तोच पंखा. ग्रुपमधल्या एका आजोबांनी "माझ्या लेकीचं घर झालं हो!" असं रेकॉर्ड करून पाठवलं, त्यातही तोच. माझ्या अंगावर काटा आला. काचेवर कसला काटा येणार म्हणा, पण आला.

मावशी मात्र भोळ्या नाहीत हं. नवं कापड आलं, की त्या आधी कोपऱ्याचा तुकडा कापून पाण्यात घालतात, वाळवतात आणि मापून बघतात. आटलं नाही, रंग सुटला नाही, तरच पुढे कात्री चालते. इथेही त्यांनी तेच केलं. थोडेसे पैसे घातले आणि परत मागितले. दुसऱ्या दिवशी ते वर थोडी भर घालूनच बँकेत आले.

"अहो, आटलं नाही, उलट वाढलं!" मावशी मास्तरांना म्हणाल्या.

भिजवल्यावर वाढणारं कापड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खरं तर तिथेच त्यांनी कात्री खाली ठेवायला हवी होती. पण त्या हरखल्या होत्या. गाळ्याचे सगळे पैसे त्या ॲपमध्ये गेले. पाठवताना त्यांचा अंगठा माझ्यावर टेकला आणि मी, हा भित्रा, मुकाट्यानं उघडलो. दुसरं करणार काय?

आकडा हिरवा झाला आणि रोज फुगत गेला. गाळ्याचा व्यवहार जवळ आल्यावर मावशींनी पैसे मागितले. सर म्हणाले, "आधी कर भरा, ताई." मावशींनी घरातलं होतं नव्हतं ते भरलं. मग सरांनी आणखी मागितले. "माझ्या पैशांतूनच कापून घ्या की," मावशी म्हणाल्या. तेव्हा तो गोड आवाज एकदम खेकसला आणि फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही.

मावशींनी हे कुणालाही सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलं, की त्या मला पुढे करतात. मास्तर आकडा बघून खूश होतात आणि मशीनवर जाऊन बसतात. त्यांनी दारावर लावायची नवी पाटीसुद्धा सांगून ठेवलीय. मला मावशींच्या हाताला सुटलेला घाम कळतो. मास्तरांना कळत नाही.

आज शेजारचा औषधवाला आला. मास्तरांचा जिगरी दोस्त, आकड्याची बातमी त्याला मास्तरांकडूनच लागलेली. त्यानं आपला मोबाईल टेबलावर माझ्याशेजारी ठेवला.

"वहिनी, मलाही ते ॲप घालून द्या ना. दुकान मोठं करायला पैसे ठेवलेत, ते टाकतो."

"भाऊजी, तुम्ही नीट चौकशी केलीत का?" मावशींनी विचारलं.

"चौकशी कसली? तुम्ही आहात म्हटल्यावर झालं! तुम्ही चिंधीसुद्धा पारखून घेता."

शेजारचा मोबाईल नवाकोरा होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. मावशींनी तो हातात घेतला आणि मी भीतीनं अर्धमेला झालो. मावशी, बोला. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

त्यांनी तो मोबाईल औषधवाल्याच्या हातात परत दिला.

"नका घालू, भाऊजी. ते खोटं आहे. आमचे सगळे पैसे गेले."

मागचं मशीन थांबलं. मास्तर उठून आले, त्यांनी मला उचललं आणि चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"अगं, पण हे तर वाढतंय."

"हो," मावशी म्हणाल्या. "ते वाढतच राहणार."

औषधवाला आपल्या मोबाईलवरून पोलिसांचा नंबर लावतोय. मावशी टेबलाला धरून उभ्या आहेत. मास्तर अजून माझ्याकडेच बघतायत. मास्तर, माझी एवढी एकच विनवणी ऐका. मला खाली ठेवा आणि मावशींकडे बघा.