पणजीचा जबडा

तामातीनं मिक्सरचं झाकण तळहातानं दाबून धरलं आणि बटण फिरवलं. डुकराच्या हाडांवरचं मांस, रताळी, ओढ्याकाठची पालेभाजी, सगळं गरगर फिरून करड्या-हिरव्या रंगाचं काहीतरी झालं. ते त्यानं पेल्यात ओतलं, वर जाड नळी खोचली आणि मानकऱ्यापुढे धरावा तसा पेला दोन्ही हातांनी चुलतबहिणीपुढे धरला.

"घ्या राणीसाहेब. तुझी पोरगी हेच खाते, पण तिला चमचा मिळतो."

तुइहानानं दातांतल्या दातांत एक शिवी हासडली. तिचे वरचे-खालचे दात बारक्या रबरांनी एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे शिवीतली धार गेली आणि नुसतं फुरफुरणं उरलं. भाजी निवडणाऱ्या बायका खो खो हसल्या. मयताघरी असं हसू नये असं त्यांच्यातल्या कुणाला वाटलं नाही. हाकोपा आजोबांना स्वतःलाच असं हसू आवडायचं. त्यांची शवपेटी पलीकडे सभाघराच्या ओसरीवर ठेवलेली होती, आणि कालपासून लांबलांबच्या गावांहून माणसं येत होती.

येणाऱ्यांनी आपणहून अंगणात पाय टाकायचा नसतो. ती फाटकाशी उभी राहतात. मग सभाघराच्या ओसरीवरून घरची बाई त्यांना लांब सुरात हाक घालते, त्यांना आणि त्यांच्या पाठीशी चालणाऱ्या त्यांच्या मेलेल्या माणसांनाही. त्या हाकेचा दोर धरूनच माणसं आत येतात. इथली हाक वर्षानुवर्षं पारेहुइया आत्याची होती. तिच्यामागून ती तुइहानाकडे जायची, हे तुइहाना लहान असतानाच ठरलं होतं. सभाघराच्या भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो आहेत, त्यांत पणजीचाही. खालचा जबडा नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला. तोच जबडा तुइहानाच्या तोंडात होता. आत्या म्हणायची, हाक घालणारीचं तोंड आहे हे.

त्या तोंडानं तुइहानाला कधी पावाचा तुकडा समोरून तोडता आला नाही. पुढचे दात एकमेकांना भेटतच नसत. रात्री कानापाशी कळा यायच्या. आणि दोन वर्षांपूर्वी, एका मयताच्या वेळी, हाकेच्या ऐन मध्यावर तिचा जबडा अडकला. सूर तुटला. पाहुणे अर्ध्या अंगणात होते तिथेच थबकले. तुटलेली हाक म्हणजे अपशकुन, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आत्यानं पुढचा सूर उचलला आणि माणसं आत घेतली. नंतर तुइहानाला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पोरगी झाल्यावर, आरियाच्या जन्मानंतर, तिनं शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं. वरचा जबडा कापून पुढे घ्यायचा, खालचा मागे, आणि पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचा. आत्यानं ऐकलं तेव्हा ती अंथरायच्या चटया झटकत होती.

"भिंतीवरची माणसं तुला ओळखणार कशी?" ती म्हणाली. "परक्याच्या तोंडानं हाक घालशील?"

"पणजीचा जबडा मी टाकून नाही देत, आत्या. थोडा मागं सरकवतेय. राहणार माझ्याच तोंडात."

"माझ्या शेजारी त्या तोंडानं उभी राहू नकोस."

शस्त्रक्रियेला आता दोन महिने होत आले होते. सूज उतरली होती, हनुवटी अजून बधिर होती. आरिया पहिले काही दिवस आईकडे यायचीच नाही. मग एकदा मांडीवर चढून तिनं बोटानं हनुवटी चाचपली, जुनी कुठे लपवलीय का ते पाहिलं आणि निमूट कुशीत शिरली. पोरीनं मानलं. आत्यानं अजून तिच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक बाई लगबगीनं स्वयंपाकघरात आली. पारेहुइयाचा घसा बसलाय, म्हणाली. सकाळपासून बोलतेय, पण ऐकू काही येत नाहीय. फाटकाशी माणसं उभी आहेत.

तुइहानानं पेला ठेवला, आरियाला तामातीच्या कडेवर दिलं आणि कुणाच्या तरी डोक्यावरची, मयताच्या वेळी घालायची पानांची माळ मागून घेत ओसरीकडे गेली.

आत्या काळ्या कपड्यात, काठीवर भार टाकून उभी होती. नजर फाटकाकडे. बोलली ती कुजबुजून.

"शेजारच्या गावच्या पेतीनाला निरोप धाडलाय. घालेल ती हाक. येईल तासाभरात. थांबतील लोक."

फाटकाशी म्हाताऱ्या बायका होत्या, उन्हात. एकीनं दुसरीचा खांदा धरला होता.

"ते थांबणार नाहीत," तुइहाना बांधल्या दातांतूनच म्हणाली. "हाक मी घालते."

"तोंड उघडतं?"

"हाकेपुरतं."

"मोठा आवाज काढू नको म्हणाली ना तुझी डॉक्टरीण?"

"म्हणाली."

"आणि मधेच अडकलं तर?"

"तर अडकलेल्या तोंडानं पुरी करीन. पण तुला उचलू देणार नाही."

आत्यानं तेव्हा तिच्याकडे पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता. मग काठी बगलेत धरून तिनं तळहात पुढे केला, पोराच्या तोंडातला खाऊ काढून घ्यायला करावा तसा.

तुइहानानं बोट तोंडात घालून एकेक रबर दातांवरच्या आकड्यांतून सोडवलं आणि ओलंच आत्याच्या हातावर ठेवलं. आत्यानं मूठ मिटली.

तुइहाना ओसरीच्या कडेला गेली. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. पूर्वी ती सूर जबड्यानं पुढे ढकलायची; आता तसं जमणार नव्हतं, म्हणून तिनं तो पोटातून वर आणला आणि त्या फटीतून बाहेर सोडला. या, लांबून आलेल्यांनो, या. तुमची गेलेली माणसं घेऊन या, आमच्या गेलेल्या माणसापाशी या. सूर तिच्या ओळखीचा नव्हता. अरुंद होता, धारेचा होता. बधिर हनुवटीवरून लाळ ओघळलेली तिला कळली नाही. कानापाशी काहीतरी ताणलं गेलं, तिथे पूर्वी टचकन अडकायचं. तिनं सूर आणखी लांबवला, मुद्दाम. आत्याला सूर उचलायला वेळ दिला. आत्या हलली नाही.

फाटकाकडून एका म्हाताऱ्या बाईचं उत्तर आलं, आणि माणसं चालू लागली. अंगणाच्या मध्यावर येऊनही ती थांबली नाहीत.

सगळे टेकल्यावर आत्यानं मूठ उघडली. पदराच्या टोकानं पुसावं तसं तिनं शालीच्या टोकानं भाचीची हनुवटी पुसली आणि रबरं परत दिली. मग घशाकडे बोट दाखवलं.

स्वयंपाकघरात तुइहानानं रबरं धुऊन पुन्हा आकड्यांत अडकवली. जबडा ठणकत होता. तामातीनं गार झालेला पेला परत गरम करून आणला. कडेवरच्या आरियानं आईच्या डोक्यावरची माळ ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. अंगणात कुठली तरी पोरं पेटीच्या जवळून धावत सुटली होती.

"ए कार्ट्यांनो! आजोबा झोपलेत तिथं. फिरा मागं!"

ओसरीवरून निघालेला तो आवाज अंगण ओलांडून, भिंती ओलांडून, थेट स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर येऊन आदळला. खणखणीत. पोरं जागच्या जागी थिजली असणार.

भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. तामातीनं हळूच तुइहानाकडे पाहिलं.

"आत्याचा घसा बसला होता ना?"

तुइहानाचे दात बांधलेले होते. तिनं नळी ओठांत धरली, पेला तळापर्यंत रिकामा केला आणि तो त्याच्यापुढे सरकवून बोटानं खूण केली, आणखी घाल.