मुंजा आणि वरचा आकडा

“महाराज, मुंजाले ट्रॅक्टरचे पुढचेच चाकं काहून उचलता येतात? मागचे काहून नाही?”

हा प्रश्न मी भर गर्दीत विचारून दाखवावा, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, जेबा आणि सीमाने, लावली होती. “तुह्याच्यानं होत नाही, प्रणाली,” असं सीमा म्हणाली होती. दहावीत विज्ञानाला शहाण्णव मार्क पडल्यापासून माझ्याच्यानं न होणारं काही मला सापडतच नव्हतं.

चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या वावरात निम्मं गाव जमलं होतं, सगळे हात जोडून. समोर गोठ्यावर कललेली, अर्धी वाळलेली बाभूळ. ती पडली तर खालच्या दोन्ही गाई जातील, म्हणून बाबांनी ती आमच्या छोट्या ट्रॅक्टरनं उपटायचं ठरवलं होतं. जेबाचे अब्बू शफीचाचा वेल्डिंग करतात. त्यांच्याकडून बाबांनी साखळी अडकवायला जुन्या लोखंडी पाट्यांचा एक आकडा, म्हणजे हूक, करून घेतला. ट्रॅक्टरला मागे खाली पिन होतीच, पण साखळी दसऱ्याला पुजलेली, हळदकुंकू लावलेली. “पुजलेली वस्तू चिखलात लोळवायची नाही,” आई म्हणाली. मग बाबांनी तो आकडा वर, सीटच्या पाठीमागे बसवला. ओढ लागताच ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या दोन चाकांवर उभा राहिला. बाबांनी उडी टाकली. जीव वाचला, पाय मोडला.

साखळी मी धरून दिली होती. आणि त्या दिवशी मी बाहेरची होते, म्हणजे पाळी आलेली. आईनं ते भूतबाधा उतरवणाऱ्या महाराजांच्या कानावर घातलं. झालं. बाभळीत मुंजा निघाला, लग्नाआधी मेलेल्या कुणाचं तरी भूत, आणि तो माझ्या विटाळानं चिडलेला.

“आधी राग पाहा,” आता गर्दीसमोर महाराज म्हणाले. त्यांचा शिष्य योगेश ट्रॅक्टरवर बसला. हळूच ओढलं तर पुढची चाकं वीतभर उचलली गेली. बायांनी पदर पसरले. मग महाराजांनी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर लाल कपडा टाकला. “मुंजाची नजर झाकतो.” ह्रीं फट, लिंबू कट, असलं काहीतरी पुटपुटणं सुरू झालं. तेवढ्या वेळात योगेश कपड्याखाली डोकं घालून ‘पाया पडत’ होता. पुन्हा ओढलं तर चाकं जमिनीवरच. बाभूळ करकरली, तसे महाराज घाईनं ओरडले, “बस, बस. राग गेला, पण जागा सोडत नाही तो. या पोरीनं सव्वा वर्ष शीव ओलांडायची नाही. रोज इथं दिवा लावायचा.”

अकोल्याला अकरावीचा प्रवेश घ्यायची शेवटची तारीख शनिवार होती. आई लगेच म्हणाली, “हो महाराज.” बाबा नुसते आपल्या प्लास्टरकडे पाहत राहिले. ते मला जास्त लागलं.

म्हणून मी विचारलं.

महाराज हसले. “बेटा, तोंड पुढं असते ना? मुंजा तोंडाले धरते.”

लोकही हसले. तेवढ्यात योगेश कपड्याची घडी घालताना मला दिसला. लाल कपड्यावर काळा डाग.

“या कपड्याले ग्रीस कुठून लागलं?” मी विचारलं. “वरच्या आकड्याले ग्रीस नाही. ते बाबा फक्त खालच्या पिनीले लावतात.”

मी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला धावले. साखळी खालच्या पिनीला होती.

शफीचाचा पुढे आले, बाबांकडे वळले. “वरून ओढलं का पुढचं उठते. खालून ओढलं का चाकं जमिनीवर राहतात. आकडा कुठं बसवायचा हे मले इचारलं असतं तं पाय वाचला असता, देवीदासभाऊ.”

“महाराज,” मी म्हटलं, “राग तं गेला ना? मग साखळी पुन्हा वर बांधतो. आता सीटवर तुमीच बसा.”

“आमी यंत्राले शिवत नाही.”

“मंग जीपनं कसे आले?” मागून म्हातारे किसनराव बोलले. या वेळचं हसू वेगळं होतं. महाराजांना अचानक अमरावतीचा कार्यक्रम आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बुंध्याभोवती खोल खणलं, मोठी मुळं तोडली, गाई दूर बांधल्या. साखळीचं एक टोक झाडाला उंचावर, दुसरं ट्रॅक्टरला खाली. बांधली मी. चाचांनी कमी गिअरमध्ये ओढलं. तिसऱ्या ओढीला बाभूळ गोठ्याच्या उलट अंगाला आडवी झाली. चाकं तसूभरही उचलली गेली नाहीत. खड्ड्यात मुंजा नव्हता, वाळवी होती.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, जे कपड्याखाली झाकून करावं लागतं, त्यावरचा कपडा आधी उचलून पाहा. आणि घरात कुणाचा पाय मोडला तर पोरीकडे बोट दाखवण्याआधी साखळी कुठं बांधली होती ते बघा.

संध्याकाळी आईनं त्या खड्ड्याजवळ दिवा लावलाच. “राहू दे एक,” ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बाबा बाजेवर पडले होते. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“आई, बाबा, शनिवारी मी अकोल्याले चालली. जठारपेठेत, मावशीकडे राहीन. अन् सुट्टीत येईन तवा बाहेरची असली तरी साखळी मीच बांधीन. खाली.”